चार बोटाचा पाय

मी माग पाहनारा मानूस.
रानडुक्कर धुऱ्यावरून कितीक वाजता गेलं सांगतो,
मोहाखाली अस्वलाचा पंजा ओला का वाळला.
कोनाची गाय हरवली का मलेच बोलावते.
मजुरी पायलीभर तांदूळ, नाई तं नुसता च्या.

त्या लोकाईनं पाच हजार आगाऊ देल्ले.
सिंदेवाहीच्या पल्याड, जुन्या कोळसाभट्टीमागं
तारेचं कुंपन, आत चार तंबू, जनरेटर,
बर्फाच्या पेट्या, आन् एक डॉक्टर,
ज्याचं काम मले तवा समजलं नाई.
तिघं साहेब, एक बाई. बाईच्या बंदुकीवर
अंधारात ऊब पाहनारी दुर्बीन.
"जिवंत असेल ते पांढरं दिसतं," ती म्हने,
पुन्याकडची बोली, गोड.

मॅनेजर म्हने, "भदू, चितळ नाई, सांबर नाई,
जनावर आमचं आमीच आनलं.
एक तास मोकळं सोडू, मंग तू माग दाखव.
उजाडाच्या आत डांबरी रस्त्यावर पोचलं
तं जिंकलं. दोन लाख त्याचे."

जनावर दोन लाखाचं काय करते
हे मी इचारलं नाई.
लिहा साहेब. मी इचारलं नाई.

नाल्याच्या रेतीत टॉर्च पडला.
उजवा पाय. टाच खोल. चार बोटं.

करंगळी कोठी गेली मले ठाऊक हाये.
तेंदूच्या हंगामात, फळीवर, कुऱ्हाड निसटली.
हळद आन् बिडीचा चुरा दाबून
मीच बांधला होता तो पाय.
इस्तारीचा.
तेलंगनात मिरची तोडाले गेला म्हने त्याची बायको,
अजूनही तेच म्हनते.

"लंगडतोय का?" बाईनं इचारलं.

माग वाचनारा खोटं बोलत नाई.
माहा बाप एकदाच बोलला,
वाघीन पिल्लाईसंग होती म्हनून,
बंदूकवाल्याले उलटी वाट दावली.
तेवढं एक खोटं तो मरेपावतर मिरवे.

"उगवतीकडं," मी म्हनलं.
इस्तारी मावळतीले गेला होता.

उगवतीले बेहडकपार हाये.
तिच्या छातीवर आग्या मोहोळाचे सात पोळे,
वैशाखातले, भरलेले,
निजल्या म्हशीवानी काळे.
पोळ्याले ऊब असते. भल्ली ऊब असते.

दुर्बिनीत तिले दिसलं
कपारीले चिकटून बसलेलं, उकिडवं, पांढरंशिप्पट कायतरी.
तिनं श्वास धरला.
मी तिचा हात पाह्यला. पाची बोटं धड.

गोळीचा आवाज मले आठोत नाई,
त्याच्या मंगचा आठोते.
जसं कोनी अख्खं रान जात्यात घालून दळते.

टॉर्च फेका, असं मले वरडता आलं असतं.
माशी उजेडाकडं येते, पोरगंही सांगन.
मी डोहात बसलो, ओला दुपट्टा डोक्यावर,
नाक तेवढं वर.
त्याईचे टॉर्च झाडाईतून पळत होते,
एक एक करून खाली पडत होते,
पडल्यावरही जळत होते.
डॉक्टर धावला तवा समजलं
तो जनावरासाठी नोहता.

मले एकवीस डसल्या.
मी नाई मोजल्या, बायकोनं काटे काहाडले, तिनं मोजल्या.

पहाटे मावळतीले गेलो.
चार बोटं, पाच बोटं, चार बोटं,
एका जागी दोन गुडघे आन् तळहात,
पुन्हा चार बोटं,
रस्त्याच्या कडेपावतर.
डांबरावर माग उमटत नाई.

पाच हजार पिठाच्या डब्यात हायेत,
बायको त्या डब्याले हात लावत नाई.
ते घ्या जमा करून.
आन् हेही लिहा, साहेब, त्याईच्याच नेमानं:
उजाडाच्या आत पोचला तो.
त्याचे दोन लाख कोन देईन?